ऑगीच्या मुलीचं पिस्तूल

अडेल शिमकस दुकानात शिरली तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरातला एप्रन तिच्या अंगावर तसाच होता, वरून फक्त कोट चढवलेला. आमच्या दुकानात पहिल्यांदा येणारं माणूस सहसा आधी गळ आणि दोऱ्यांकडे वळतं, जणू मासेमारीचंच सामान बघायला आलोय असं दाखवतं, आणि मग हळूहळू पिस्तुलांच्या काचेच्या कपाटाकडे सरकतं. अडेल सरळ माझ्यासमोर आली. बुटांवरचा बर्फसुद्धा तिने झटकला नव्हता.

"लेनी, मला एक पिस्तूल हवंय," ती म्हणाली. "स्वस्तातलं. कागदावर नेम धरायला."

मी तिला तिच्या बाप्तिस्म्यापासून ओळखतो. तिचा बाप ऑगी आणि मी एकाच क्लबाच्या एकाच संघातून पिस्तूल चालवायचो. म्हणजे चालवायचा तो, आम्ही बाकीचे त्याच्या शेजारी उभे असायचो. ऑगी त्या शरद ऋतूत गेला होता. अडेलचं लग्न फार पूर्वी मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. बापाच्या शेवटच्या आजारपणात ती त्याच्या घरी राहायला आली आणि तो गेल्यावर तिथेच एकटी राहिली.

दुखवट्यातलं माणूस, एकटं राहणारं, आयुष्यात कधी शस्त्र हातात न धरलेलं. अशा गिऱ्हाइकासमोर मी कपाट उघडत नाही. कायद्याने त्याला आडकाठी नाही, पण इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर काही गोष्टी कायद्याच्याही आधी येतात. मी दाराला कडी घातली, तिला शेगडीजवळच्या खुर्चीवर बसवलं, कॉफी दिली आणि सरळ विचारलं, की स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का.

ती रागावली नाही. कप तिने खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "कुणाला मारायचं नाही, स्वतःलाही नाही. घरात चोर शिरेल म्हणूनही नको. मला फक्त कागदाला भोकं पाडायचीत. का ते सांगितलं तर तुम्ही हसाल."

मी हसलो नाही. तिने सांगितलं ते असं.

बापाच्या मातीनंतर काही आठवड्यांनी ती शाळेत मुलांच्या ताटांत बटाट्यावर रस्सा वाढत होती. अचानक तिचा उजवा हात रश्श्याच्या पळीसकट वर उठला, खांद्याच्या रेषेत सरळ ताठ झाला आणि तिथेच थांबला. रस्सा तिच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळला. मुलं हसली, तीही हसली. मग तेच घरी मोरीपाशी झालं. मग रविवारी चर्चमध्ये, प्रसादाच्या रांगेत, पाद्रीबाबांच्या छातीवर रोखल्यासारखा. डॉक्टरांनी मान बघितली, नसा बघितल्या, डोक्याचे फोटो काढले. कशात काही सापडलं नाही. म्हणाले, दुःखाने होतं असं कधी कधी, विश्रांती घे, आणि गोळ्या लिहून दिल्या.

"हात माझाच असतो," अडेल म्हणाली. "पण उचलते ती मी नसते. आणि तो कुणाचा हात आहे ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे."

माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

अडेल लहान असताना, हरणांच्या शिकारीच्या हंगामातल्या पहिल्या सोमवारी, ऑगी आणि त्याचा मेहुणा विटो जुन्या उघड्या खाणींच्या रानात गेले होते. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असतात. कोळशाच्या काळ्या कचऱ्याचे डोंगर, त्यांवर उगवलेली पांढऱ्या खोडांची बारीक बर्चची झाडं, आणि त्या सकाळी इतकं धुकं की आपला बूटही दिसू नये. चढ चढून विटोला उकडलं म्हणून त्याने वरचा लाल कोट, दुसऱ्या शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून घालतात तो, काढून खांद्यावर टाकला. आत तपकिरी स्वेटर होता. ऑगीला धुक्यात काहीतरी तपकिरी हललेलं दिसलं. त्याने नेम धरला आणि चाप ओढला. नंतर त्यानेच चौकशीत सांगितलं, की तो आनंदाने विटोला हाका मारत पुढे धावला होता. मिळालं रे, मिळालं, म्हणत.

चौकशीत तो अपघातच ठरला. ऑगीने घरातली सगळी शस्त्रं दुकानात आणून टाकली आणि पुन्हा कधी शिकारीला गेला नाही, क्लबातही आला नाही. पण एक सवय त्याला लागली. रविवारी जेवणं झाली की तो मागच्या अंगणात जायचा. डावा हात खिशात घालायचा, क्लबात पिस्तूल चालवताना घालायचा तसा. उजवा हात रिकामाच, पण मूठ पिस्तूल धरल्यासारखी वळलेली. तो हात हळूहळू वर न्यायचा आणि कुंपणापलीकडे रोखून उभा राहायचा. पावसात, बर्फात, कसल्याही हवेत. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची. अडेलची आई स्वयंपाकघराचा पडदा ओढून घ्यायची आणि रेडिओ मोठा करायची. त्या घरात विटोचं नाव कुणी घेत नसे. विटोची बायको आल्डोना मागच्याच गल्लीत राहायची. दोन्ही घरांच्या मागच्या खिडक्या समोरासमोर होत्या.

"मला वाटायचं, बाबा विटोमामाला परत परत मारतायत," अडेल म्हणाली. "दर रविवारी एकदा. आता ते नाहीत, तर ते काम माझ्या हाताकडे आलंय. मग म्हटलं, याला नेमच धरायचाय ना? मग खरं काहीतरी देऊ हातात. समोर कागद ठेवू. बघू काय करतो ते."

मी तिला म्हटलं, आज काही घेऊ नकोस. गुरुवारी संध्याकाळी क्लबाच्या तळघरात, नेमबाजीच्या जागी ये. तिथे पडून असलेली चार-दोन पिस्तुलं हातात धरून बघ, आधी रिकामी. जे परवडतं ते घ्यायचं नसतं, जे हातात बसतं आणि परवडतं ते घ्यायचं असतं, आणि ते दुकानातल्या काचेवरून कळत नाही.

ती आली. नंतरच्या गुरुवारीही आली. मी तिला जे शिकवलं ते नव्या माणसाला शिकवतो तेच. पिस्तूल एकदाच विकत घेतो, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, म्हणून बावीस नंबरचं घ्यावं. गोळी शेंगदाण्याएवढी, किंमत किरकोळ, आणि धक्का जवळजवळ नाहीच. मोठ्या गोळीचं पिस्तूल लाथ मारतं, नवशिक्याचा हात त्या लाथेला घाबरतो आणि चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. खिशात मावणारं चिमुकलं पिस्तूल स्वस्त मिळतं, पण त्याची नळी बोटभर. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, आणि मागची खाच यांच्यात जितकं अंतर जास्त, तितकी हाताची चूक आधी दिसते. म्हणून नळी लांब हवी, थोडं वजनही हवं.

अडेल सगळं ऐकून घ्यायची आणि शाळेत बटाटे निवडावेत तशी एकेक पिस्तूल पारखायची. एक रिव्हॉल्व्हर तिला आवडलं, कारण त्याचं चक्र बाजूला काढलं की आत गोळी आहे की नाही ते लख्ख दिसतं. पण त्याचा चाप इतका कडक की ओढताना नळी डुलायची. एक नवंकोरं, हलकं, प्लास्टिकच्या मुठीचं होतं. ते धरून ती म्हणाली, हे आमच्या स्वयंपाकघरातल्या टोमॅटो सॉसच्या बाटलीसारखं वाटतं. तळघरातले म्हातारे हसले. स्टॅन नावाचा एकजण, जो स्वतः वर्षानुवर्षं एकाच भोकाच्या आजूबाजूला नेम मारतोय, म्हणाला, "अडेल, बाटलीने निदान सॉस तरी नीट पडतो. लेनीकडच्या मालाचं तेवढंही सांगता येत नाही."

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी घरून एक डबा घेऊन गेलो. त्यात ऑगीचं पिस्तूल होतं. त्याने दुकानात आणून टाकलेल्यांपैकी ते मी तेव्हा विकत घेतलं होतं, दुसऱ्या कुणाच्या हातात जायला नको म्हणून. शिकारीशी त्याचा काही संबंध नव्हता, विटोला लागली ती गोळी रायफलीची. हे निव्वळ कागदावर चालवायचं, जुन्या पद्धतीचं, लांब नळीचं. आज तसलं घ्यायचं तर अडेलचा अर्ध्या हिवाळ्याचा पगार गेला असता. मी तिला म्हटलं, हे तुझंच आहे, मी फक्त तेलपाणी करून ठेवलं.

ऑगीने त्याची मूठ स्वतः कोरली होती, अक्रोडाच्या लाकडाची. कोळसा फोडायच्या कारखान्यातल्या पट्ट्याने त्याच्या उजव्या अनामिकेचं पुढचं पेर तरुणपणीच नेलं होतं. म्हणून त्याने मुठीत बाकी बोटांना खोबणी कोरल्या होत्या आणि जिथे ते पेर यायचं तिथे लाकूड तसंच फुगीर ठेवलं होतं, तळव्याला आधार म्हणून.

अडेलने ते उचललं. तिची बोटं एकेक करून जागेवर गेली, अनामिका सोडून. ती त्या फुगवट्यावर अडली. तिने पुन्हा धरून बघितलं, सरकवून बघितलं. तिने अंगठ्याने तो फुगवटा चाचपला, जणू कुणाची नाडी बघत असावी.

"इथे त्यांचं नसलेलं बोट आहे," ती म्हणाली. "माझ्या असलेल्याला जागा नाही, लेनी."

मी म्हटलं, कानशीने घासून काढू, दहा मिनिटांचं काम.

"नको. काढू नका ते. बंद करा डबा."

आणि तिने निवडलं ते दुकानातल्या कपाटाच्या कोपऱ्यातलं, एका शिक्षकाने विकून टाकलेलं जुनं बावीस नंबरी. त्याचा काळा रंग नळीच्या टोकाला उडालेला, मुठीवर ओरखडे, पण चाप काच तडकावी तसा स्वच्छ सुटायचा आणि मागची खाच स्क्रूने सरकवता यायची. ज्याचं होतं त्याचं काय झालं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, त्याला मासे जास्त आवडायला लागले. ते ऐकून ती पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, म्हणजे याला कसलीच आठवण नाही, हेच द्या. नाव-गाव लिहून झालं, पोलिसांकडे फोनवरून रीतसर विचारणा झाली, आणि कुलपाच्या पेटीसकट तिने ते घरी नेलं.

पुढच्या गुरुवारी तिने पहिल्यांदा खरी गोळी भरली. मी तिला दोन्ही हातांनी धरायला शिकवलं होतं. नव्या लोकांना तसंच शिकवतो आम्ही. ती रेषेवर उभी राहिली, कानांवर आवाज अडवणारे पट्टे चढवले, श्वास सोडला. आणि तिचा डावा हात पिस्तुलावरून निघून सावकाश कोटाच्या खिशात गेला. उजवा पाय थोडा पुढे आला. हनुवटी खांद्याकडे वळली. उजवा हात एकटाच, सरळ, वर.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेजारच्या रेषेवर स्टॅन होता. त्याने आपलं पिस्तूल उघडून खाली ठेवलं आणि छातीवर क्रूस काढला. आम्ही जे दोघं-तिघं ऑगीला ओळखत होतो, त्या आम्हाला पाठमोरी अडेल दिसतच नव्हती, ऑगी दिसत होता.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. तळघरात आधीच्या फैरींचा धूर होता, छताजवळच्या दिव्यांखाली तो पसरून राहतो. मी तिच्या खांद्यामागे होतो. गोळी सुटली नाही.

"लेनी," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तिथे कुणीतरी उभं आहे."

मी समोर बघितलं. धूर होता, कागद होता, कागदामागे लोखंडी भिंत होती. पण मी तिला तिथे कुणी नाही असं म्हटलं नाही. नव्या माणसाला जे सांगतो तेच म्हटलं. "शंका आली की हात खाली. गोळी न झाडणं हासुद्धा नेमच. कागद कुठे पळून जात नाही."

तिने हात खाली आणला. पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे, बोट चापापासून दूर. श्वास घेतला, पुन्हा वर नेला. पुन्हा थांबली, पुन्हा खाली. असं किती वेळा झालं ते आठवत नाही. मग तिने पिस्तूल रिकामं केलं, मेजावर ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं? हात खाली आणायचं?"

"ऑगीने," मी म्हटलं. "आमच्या संघात सगळ्यांना त्यानेच शिकवलं. तो म्हणायचा, वर कुणीही नेईल."

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. ज्याने हे शिकवलं, त्यानेच त्या धुक्यात हात खाली आणला नव्हता. अडेल भिंतीजवळच्या बाकावर बसली. कानांवरचे पट्टे काढायचंही तिला सुचलं नाही. म्हणून ती पुढचं जरा मोठ्यानेच बोलली, बहिऱ्या माणसासारखी. तिने सांगितलं, की तिने तो हात नेहमी वर जातानाच पाहिला होता. वर जायला लागला की आई पडदा ओढायची, आणि बापाच्या आजारपणात तिनेही सवयीने तेच केलं होतं. पुढे काय व्हायचं ते तिला कधी दिसलंच नव्हतं.

त्या शनिवारी ती आल्डोनामामीकडे गेली. आमच्या गावात कोण काय विकत घेतं ते रविवारच्या प्रार्थनेआधी सगळ्यांना कळतं. मामीच्या कानावर दुसऱ्याकडून जाऊ नये म्हणून ती स्वतःच गेली. मामी आता नव्वदीला टेकलेली, काठी घेऊन चालणारी, पण स्वयंपाक अजून स्वतः करणारी. तिने अडेलसमोर कुगेली ठेवली, किसलेल्या बटाट्याची भाजलेली वडी, वर साय घातलेली, आणि समोर बसून राहिली. पिस्तुलाचं तिला आधीच कळलं होतं.

अडेलने मला नंतर सगळं सांगितलं. तिने मामीला हाताचं सांगितलं, धुराचं सांगितलं. तिचं झाल्यावर मामी उठली, अडेलला हाताला धरून जिन्याने वर घेऊन गेली आणि मागच्या खिडकीपाशी उभं केलं. तिथून शिमकसांचं अंगण पूर्ण दिसतं. खिडकीच्या चौकटीवरचा रंग एका जागी, मामीच्या हाताच्या उंचीवर, घासून लाकूड उघडं पडलं होतं.

"पडदा तुझ्या आईने ओढला," मामी म्हणाली. "मी नाही ओढला. दर रविवारी इथे उभी राहायचे मी. आधी वाटायचं, बघू हा माणूस किती निर्लज्ज आहे. मग एकदा पूर्ण बघितलं. हात वर जायचा, थांबायचा. आणि मग खाली यायचा. दर वेळी यायचा, अडेल. खाली आला की तो घरात जायचा आणि मी भांडी घासायला जायचे."

अडेलने विचारलं, की मग तू त्यांना माफ केलंस का.

"माफ कसलं करतेस," मामी म्हणाली. "ते माझ्याच्याने झालं नाही. पण मी बघितल्याशिवाय त्याचा हात खाली येणार नाही असं मला वाटायचं. म्हणून उभी राहायचे. मला ताप असला तरी."

दोघं म्हातारी होईपर्यंत हे चाललं. एकमेकांशी ती एक शब्द बोलली नाहीत. ऑगीला समोर वरच्या खिडकीत कुणी उभं असतं हे कळलं होतं की नाही, मामीला माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षी त्याला अंगणापर्यंत जाववत नव्हतं, तेव्हा तो मागच्या दारातल्या खुर्चीत बसूनच करायचा. हात खांद्यापर्यंतही जायचा नाही. मामी म्हणाली, की त्या वर्षी तो खाली यायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

यानंतर अडेलचा हात शाळेत, चर्चमध्ये असा आपोआप उठायचा हळूहळू थांबला. डॉक्टरांनी गोळ्या लागू पडल्या असं म्हटलं. तिने त्या एकदाही घेतल्या नव्हत्या. ती गुरुवारच्या संघात नाव घालून बसली. गुण तिला कधी चांगले मिळाले नाहीत. ठरलेल्या वेळात सगळ्या गोळ्या झाडायच्या असतात, आणि अडेलच्या निम्म्या उरलेल्या असायच्या, कारण जितक्या वेळा गोळी सुटायची त्याच्या दुप्पट वेळा हात काहीच न करता खाली यायचा. स्टॅन म्हणायचा, क्लबाच्या इतिहासात इतक्या कमी गोळ्यांत इतका व्यायाम कुणी केला नसेल. ती त्याला म्हणायची, "तुझ्या गोळ्या भिंतीत जातात, माझ्या निदान डब्यात परत जातात."

धूर नसला तरी तो माणूस तिला दिसायचा. दर वेळी नाही. कधी कागदाच्या डाव्या बाजूला, कधी अगदी समोर, कोट खांद्यावर टाकलेला. तेव्हाच्या तेव्हा ती मला तोंडाने सांगायची नाही. तिचा हात खाली आला की मला कळायचं.

जूनमध्ये आम्ही तळघरातून बाहेर टेकडीमागच्या मैदानावर जातो. तिथे कागदांमागे मातीचा उंच बांध आहे आणि त्यावर बर्च आहेत. एका गुरुवारी अडेलच्या गाडीत शेजारी आल्डोनामामी होती. तिला शस्त्रांचा आवाज सहन होत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. विटो गेला त्या वर्षापासून शिकारीच्या पहिल्या सोमवारी ती बहिणीकडे दुसऱ्या गावी जाते. अडेलने खिडकीची काच वर केली, मामीने ती पुन्हा खाली केली. पहिल्या फैरीला तिने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली, पण मान फिरवली नाही.

आमची एक फेरी संपली. सगळ्यांनी पिस्तुलं उघडून रिकामी करून मेजांवर ठेवली आणि लोक कागद बघायला पुढे निघाले. तेव्हा मामी गाडीतून उतरली. अडेल तिला धरायला धावली, तर तिने काठीनेच तिला बाजूला केलं. ती एकटी, गवतातून, थांबत थांबत, पार पुढे गेली. अडेलच्या कागदापाशी पोचल्यावर तिने कागद बघितला नाही. त्याच्या डाव्या बाजूला, काहीच नव्हतं तिथे, ती उभी राहिली. तिची पाठ आमच्याकडे होती. तिचं डोकं थोडं वर झालेलं होतं, आपल्यापेक्षा उंच माणसाशी बोलताना होतं तसं. काही बोलली असेल तर ते आम्हाला ऐकू आलं नाही. पुढे गेलेली माणसं गुपचूप परत आली. पुढची फेरी सुरू करायची वेळ होऊन गेली होती आणि ती सुरू करायची जबाबदारी माझी होती. मी ती सुरू केली नाही. कुणी घड्याळही बघितलं नाही.

परत यायला तिला खूप वेळ लागला. आल्यावर ती अडेलच्या मागे घडीच्या खुर्चीवर बसली, मी तिच्या कानांवर पट्टे चढवले, आणि ती म्हणाली, "हं. कर आता."

अडेलने त्या फेरीत एकही गोळी परत डब्यात ठेवली नाही. हात वर गेला, गोळी सुटली, खाली आला, पुन्हा वर गेला. कागद आणून बघितला तर नेम काही खास नव्हता, भोकं सगळीकडे विखुरलेली होती. स्टॅनने तो कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि नीट घडी करून अडेलला परत दिला. मामीने घरून बीट आणि ताकाचं थंड सार आणलं होतं. ते सगळ्यांनी कागदी पेल्यांतून प्यायलं.

मी अडेलला बाजूला घेऊन विचारलं, आज तो नव्हता का.

"नव्हता," ती म्हणाली. "मामी येताना त्याला बरोबर घेऊन आली बहुतेक. माझ्या मागे बसले होते दोघं. मी वळून बघितलं नाही."

पुढच्या गुरुवारी मामी आली नाही, पाय सुजले होते. हवा स्वच्छ होती, वारा नव्हता. अडेल रेषेवर उभी राहिली, डावा हात खिशात गेला, उजवा वर गेला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग सावकाश खाली आला. तिने माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले, जसं कुणी शेजाऱ्याचं कुत्रं पुन्हा आपल्याच अंगणात येऊन बसल्यावर उडवतं. आणि समोरचा तो माणूस निघून जाईपर्यंत ती थांबून राहिली.